चाळीस जोडांचा एक ठिपका

अंबडच्या एका कारखान्यात मी एक्स-रे काढतो. पाईपांचे. माणसांपेक्षा पाईप बरे. ‘श्वास रोखा’ म्हणावं लागत नाही.

काम सोपं आहे. वेल्डिंगच्या जोडाच्या एका बाजूला किरणांचा कॅमेरा, दुसऱ्या बाजूला काळ्या पाकिटात फिल्म. आत भेग असेल तर तिथून किरणं जास्त जातात, फिल्म काळी पडते. जड धातू किरणं अडवतो, तिथे पांढरं राहतं. जोडाचा नंबर कळावा म्हणून शेजारी शिशाचे अंक चिकटवतात, तेही पांढरे उमटतात. फिल्मला खोटं बोलता येत नाही. अंक मी चिकटवतो.

या खेपेला चाळीस जोड होते. चौदा नंबरचा धनराजभाऊने केलेला, बाकीचे मालक किशोरशेठनी दोन दिवसांसाठी कुठून तरी उचलून आणलेल्या माणसांनी. धनराजभाऊ पेठचा. त्याच्या वेल्डर-कार्डाची, म्हणजे वेल्डिंगच्या परवान्याची, मुदत महिनाअखेर संपत होती. फिल्म चांगली आली की गिऱ्हाईक कंपनीच्या संध्या मॅडम कार्डावर सही करणार, आणि सही झाली की त्याला गुजरातेत रिफायनरीत नोकरी. त्याने पत्र्याची पेटीसुद्धा घेऊन ठेवली होती.

बाकीच्यांतल्या पहिल्या तीन फिल्म धुतल्या. तिन्हींत काळी रेघ, आग्रा रोडसारखी सरळ. शेठनी त्या उजेडाला धरल्या.

"चौदाची कशीये?"

"चांगली. एक पांढरा ठिपका आहे, टंगस्टनचा कण पडलाय. तेवढा चालतो."

"मग चौदाच्याच काढ."

"किती?"

"जोड किती सांगितले तुला?"

काढल्या. पाईप तोच, दर वेळी अंक नवे. अकराला दोन एक लागतात, अंकांच्या डबीत एकच सापडला. दुसरा मी सोल्डरची शिसं असलेली तार वाकवून केला. किरणांपासून लांब राहायला बांधलेल्या दोरीपलीकडे धनराजभाऊ चहा घेऊन उभा होता.

"माझ्याच पाईपचे एवढे फोटो का रं, रुद्रा?"

"सॅम्पल आहे, धनराजभाऊ."

"लय भारी. लग्नातबी माझे एवढे काढले नाय."

दुसऱ्या दिवशी संध्या मॅडम एकेक फिल्म दिव्याच्या काचेवर ठेवत गेल्या. नवव्या फिल्मला थांबल्या. पंधराव्याला चष्मा पुसला.

"हा ठिपका प्रत्येक जोडात एकाच जागी कसा?"

मी शेठकडे पाहिलं. शेठनी ठिपक्याकडे पाहिलं, जणू आत्ताच ओळख झाली.

"मॅडम, चाळीसही जोड एकाच माणसाचे. धनराज. हात तिथंच अडखळतो त्याचा. सवय."

मॅडमनी खिडकीतून पाहिलं. बाहेर त्यांच्याच कंपनीचा ट्रक पाईप भरायला उभा होता.

"ठिपका मर्यादेत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "जोड पास. पण जो माणूस चाळीस वेळा तीच चूक करतो, त्याचं कार्ड मी वाढवणार नाही."

काळ्या रेघांच्या तिन्ही फिल्म माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. ड्रॉवर मी दोन बोटं उघडला. पुढचा प्रश्न ‘अंक कोणी चिकटवले’ हा असणार होता, आणि त्याचं उत्तर मला पाठ होतं. ड्रॉवर लावला.

ट्रक गेल्यावर धनराजभाऊ आला.

"चाळीस जोड मी कवा केले रं? मी तर एकच केला."

"तो चांगला होता, धनराजभाऊ."

"मग?"

"जास्तच चांगला होता."

"दाखव तरी."

हाताला आली ती फिल्म मी काचेवर ठेवली. त्याने वाकून पाहिलं. ठिपक्यावर बोट ठेवलं, मग ते हळूच अंकांवर नेलं.

"हा तर अकरा हाय."

त्याचं बोट दुसऱ्या एकावर थांबलं.

"यातला एक वाकडा हाय. कोणी केला?"

"मी."

"नीट शिकून घे," तो म्हणाला. "कार्ड लागल तुला."