तोफूच्या एका वडीचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बिल्ला आहे. लढाई संपली त्या वर्षी आमच्या कुंभारगावात सुट्टे पैसे मिळेनासे झाले. माती मात्र मुबलक होती. भट्टीच्या मालकांनी मग आम्हांलाच पाडून मजुरीत वाटलं. पुढे भोपळ्याचं चित्र, मागे मालकांचा शिक्का, वरून राखेची हिरवी, काचेसारखी झिलई. माझी किंमत तोफूची एक वडी. सरकारला आमचा पत्ता नव्हता आणि गावालाही सरकारची फारशी आठवण येत नसे.

आमच्यावर शिक्का दाबायचं काम इसाकिचीचं. मी आणि माझे दोन भाऊ भट्टीत जाळाच्या तोंडाशी भाजले गेलो. तिथे झिलई जरा जास्तच ओघळते.

मजुरीत मिळालेल्या आम्हां तिघांना घेऊन इसाकिची तोफूवाल्याकडे गेला. सोबत त्याची सहा वर्षांची मुलगी मात्सुए, हातात वाडगा धरून. तोफूवाल्याने आम्हांला उलटंसुलटं केलं.

"मागे शिक्का कुठाय?"

"आहे की. मीच दाबलाय."

"तूच दाबतोस, हेच तर म्हणतोय मी. शिक्क्याआधीच उचललेस."

त्याने माझ्या दोन भावांना पायरीवर आपटून फोडलं. मी घरंगळलो, मात्सुएने मला उचललं. मागे रांगेत अकरा कुंभार उभे होते. झिलई शिक्क्याच्या खळग्यात साचून तो झाकते हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते एकालाही आठवलं नाही.

त्यानंतर इसाकिचीच्या घरी तोफू आला नाही. रस्स्यात नुसता मुळा. त्याला तोंडावर खोटारडा कुणीच म्हणालं नाही, आमचं गाव सभ्य आहे. फक्त त्याने केलेला प्रत्येक वाडगा लोक उलटा करून, बुडाची खूण दोनदा बघून घेत. तो वारला तेव्हाही त्याच्या भांड्यांची बुडं स्वच्छ आणि खुणा ठसठशीत होत्या.

मी मात्सुएच्या ताटाशेजारी जेवायच्या काड्या टेकवायला राहिलो. अठ्ठ्याहत्तर वर्षं. नोकरी वाईट नव्हती.

या वसंतात गावच्या सभागृहात जुन्या वस्तू ओळखायला शहरातून हायामाबाई आल्या. मात्सुए मला रुमालात बांधून रांगेत उभी राहिली. पुढे योशिहारू, त्याच तोफूवाल्याचा मुलगा. त्याच्याकडे बिल्ल्यांनी भरलेला डबा.

"ते खोटं कशाला आणलंस, मात्सुए?"

"खोटं आहे का, ते विचारायलाच आणलंय. आज टेबलापाशी तुझा बाप नाही बसलेला."

हायामाबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "चकाकीत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पाठीवर ओला पातळ कागद बसवला, मऊ ब्रशने दाबला आणि वरून शाईची पुरचुंडी हलकेच टेकवत गेल्या. मला गुदगुल्या झाल्या. कागदावर आधी फिकट गोल आला आणि त्यात मालकांचा शिक्का, अख्खा. शेजारी त्यांनी योशिहारूच्या बिल्ल्याचा ठसा ठेवला. शिक्क्याच्या कडेचा टवकासुद्धा दोन्हींत एकाच जागी होता.

"एकाच शिक्क्याचे आहेत. याचा खळगा झिलईने भरलाय, एवढंच. बोट फिरवून बघा, लागेल."

मात्सुएने बोट फिरवलं. मग योशिहारूने फिरवलं. त्याचं बोट बराच वेळ फिरत होतं.

"बाबा म्हणाले होते, दाबलाय," मात्सुए म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी योशिहारू तिच्या दारात उभा. पातेल्यात, पाण्यात तीन वड्या.

"एका बिल्ल्याला तीन?"

"दोन आमच्या बापाने फोडले ना."

"उशीर केलास."

"ताजा आहे. पहाटे केलाय."

तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने मला उलटं न करताच खिशात टाकलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी भाजलेला आहे, टिकेन. पण कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा बोट फिरवून बघा. त्याला कागद लागत नाही, शाई लागत नाही, शहरातल्या बाईही लागत नाहीत.

मात्सुएने पहिली वडी वडिलांच्या फोटोपुढे ठेवली. मी आता योशिहारूच्या डब्यात असतो, इतर बिल्ल्यांच्या बरोबरीने. ते सगळे पूर्वीच कधीतरी खर्च झाले होते. आता मीही झालो.