महिपतचं नाक

२००९ साली मुरबाडच्या एमआयडीसीत, आमच्या छोट्या कारखान्यात, मशीनपेक्षा महिपतच्या नाकाला मान होता. अल्सरच्या गोळीसाठी लागणारं गंधकाचं रसायन आम्ही बनवायचो. वीस वर्षं तिथेच काम करणारा ऑपरेटर महिपत पिंपाचं झाकण उघडून हुंगायचा. सडक्या कोबीसारखा वास आला की म्हणायचा, "पास." माझा लॅबचा रिपोर्ट नंतर फायलीत पडायचा. एमएस्सी मी करायची आणि मान नाकाला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

रिअ‍ॅक्टर धुणाऱ्या गीताबाईंचं दुःख वेगळंच होतं. सुनेला मुलगा झाला होता आणि तिने बजावलं होतं, तो वास जाईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. लिंबू झालं, शिकेकाई झाली, वास काही केसांतून हलेना.

"म्याडम, सव्वा महिन्यावर बारसं हाय," त्या म्हणाल्या. "नातवाला पाळन्यात कोन घालनार, शेजारीन?"

उपाय माझ्याकडे होता. वासाचं द्रावण वापरणं बंद करायचं, टोल्युइन हा घातक द्रावकही बंद करायचा. बिनवासाच्या एका पांढऱ्या पावडरीतून गंधक घ्यायचं आणि सगळं पाण्यातच घडवायचं. शेठने तीन बॅचची परवानगी दिली, पण महिपत पास म्हणाला तरच.

पहिली बॅच नव्व्याण्णव टक्के शुद्ध निघाली. महिपतने हुंगून नाक मुरडलं.

"वास नाय म्हंजे माल नाय."

शेठने मान डोलावली. मी चरफडत बाहेर आले, तर गीताबाई शांत.

"त्याला वास पायजे ना? मग मी हाय की."

दुसऱ्या बॅचला त्या जुना रिअ‍ॅक्टर धुऊन, कपडे न बदलता आल्या आणि पिंपाला खेटून उभ्या राहिल्या. मी गंभीर चेहऱ्याने झाकण उघडलं. महिपतने हुंगलं, एकदा गीताबाईंकडे पाहिलं.

"आता कसा माल झाला. पास."

तिसरी बॅचही तशीच पास झाली. हैदराबादच्या गिऱ्हाइकाने आणखी माल मागवला आणि शेठने जुनी पद्धत बंद केली.

बारशाच्या दिवशी सुनेने स्वतः बाळ गीताबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या रडल्या, मीही रडले. महिपत इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला काही राहवेना.

"महिपतकाका, फसलात तुम्ही. वास मालाचा नव्हता, गीताबाईंचा होता."

"ठाव हाय," तो म्हणाला. "माल कंचा न् मानूस कंचा, येवढं कळतंय मला."

"मग पास का केलंत?"

"पयल्या बॅचला खरंच वाटलं, माल नाय. मंग तुमचा रिपोर्ट वाचला. पन शेठसमोर शब्द कसा फिरवू? तुमीच निमित्त दिलं."

तो पाळण्याची दोरी हलकेच ओढू लागला.

"या वासापायी वीस वर्सं घरात मला पडवीत जेवाय वाढतात, म्याडम. काल पोरीनं माजं ताट आत मांडलं."

माझी सगळी हुशारी तिथेच जिरली.