वीज गेली होती

कार्यक्रम सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि मास्तरांची खात्री पटली की यंत्र बिघडलंय. पंपघराच्या चारही भिंतींवरून ऑर्गनचा एक सूर येत होता, लांबत होता, मध्येच तुटत होता. मग नुसती शांतता. मग कोणीतरी खोकायचं आणि तोच सूर पुन्हा पहिल्यापासून.

"टेप अडकली गं," ते मुलीच्या कानाशी कुजबुजले. "कुणीतरी सांगा तिला."

"बाबा, हे असंच असतं."

"असं कसं असेल?"

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. साठ-सत्तर माणसं घडीच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसली होती. बंद पडलेल्या पंपांच्या पलीकडे, टेबलाशी तारवाली उभी होती, जिनं हा कार्यक्रम रचला होता. तिचा चेहरा अगदी शांत होता. म्हणजे बिघडलेलं कोणालाच कळत नव्हतं, किंवा मग त्यांनाच काही कळत नव्हतं.

मास्तरांनी चर्चमध्ये एकोणचाळीस वर्षं ऑर्गन वाजवला होता. लग्नं, बारशी आणि मोजता येणार नाहीत इतकी मयतं. वसंताच्या सुरुवातीला ही बाई एका सकाळी चर्चमधल्या ऑर्गनच्या माळ्यावर चढून आली होती. पस्तिशीची, केस कापलेले, खांद्यावर तारांचं वेटोळं. त्यावरूनच मास्तरांनी तिला तारवाली म्हणायला सुरुवात केली आणि तिनंही ते मनावर घेतलं नाही.

"मला अंत्यविधीच्या मिस्सेवर, त्या प्रार्थनेच्या संगीतावर, एक रचना करायची आहे. विजेच्या यंत्रांवर," ती म्हणाली होती.

"कोण गेलं?" मास्तरांनी आवाज खाली आणून विचारलं.

"कोणी नाही."

"मग मिस्सा कशाला?"

ती मोठ्यानं हसली. तिला वाटलं, म्हातारा विनोदी आहे. मास्तरांनी मात्र विनोद केला नव्हता.

तीन आठवडे ती येत राहिली. तिनं ऑर्गनची एकेक नळी टेप केली. पायपट्ट्यांची करकर घेतली, बाकाचं कुरकुरणं घेतलं, मागच्या कपाटातली हवा भरणारी मोटरसुद्धा सोडली नाही. मास्तरांनी मोटर बंद करून दाखवली, तेव्हा हवा संपता संपता ऑर्गन मार खाल्लेल्या बकरीसारखा बेंबटला आणि गप्प झाला. तारवालीला ते इतकं आवडलं की तिनं पाच वेळा करायला लावलं. जाताना तिला कोपऱ्यात टेपांचं खोकं दिसलं. पूर्वीच्या फादरांनी टेपरेकॉर्डर घेतला होता. परदेशी असलेल्या नातेवाइकांना पाठवायला ते मयतांच्या मिस्सा टेप करून ठेवत. चिठ्ठ्यांवरची शाई केव्हाच उडून गेली होती.

"न्या की," मास्तर म्हणाले होते. "तेवढीच अडगळ कमी."

आता पंपघरात तोच तुकडा सातव्यांदा आला. सूर, तुटणं, शांतता, खोकला. आणि या वेळी मास्तरांच्या हातातला कार्यक्रमाचा कागद खाली पडला. तो खोकला त्यांच्या मेव्हण्याचा होता. कोरडा, दोनदा ठो-ठो आणि मग नाकानं ओढलेला श्वास. मेव्हणा जाऊन अकरा वर्षं झाली होती. खोकल्याच्या आधी लाकडावर चामडं घासल्याची चुरचुर होती. तो त्यांचाच डावा बूट होता. काळा बूट, फक्त एका दिवसासाठी शेजाऱ्याकडून मागून आणलेला.

ते उठले आणि खुर्च्यांमधून वाट काढत सरळ टेबलाशी गेले.

"बंद कर," ते म्हणाले. "ही माझ्या बायकोची मिस्सा आहे."

तारवाली आ वासून बघत राहिली. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. हाही रचनेचाच भाग असावा, अशी त्यांची समजूत झाली. तारवालीचा हात एका बटणाकडे गेला, पण मास्तर तोवर वळले होते. ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. दुपारचे चार वाजले होते, ऊन लख्ख होतं, समोर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. आपण रागावलोय की काय झालंय, हेच त्यांना समजेना.

मुलगी मागोमाग आली. "नक्की आईचीच?"

"माझा बूट वाजतो त्यात."

एकतीस वर्षांपूर्वीचा तो दिवस सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक होता. गावात दुसरं कोणी ऑर्गन वाजवणारं नव्हतं, म्हणून बायकोच्या मिस्सेला मास्तर स्वतःच बसले. सगळं नीट पार पडलं. शेवटी शवपेटी बाहेर नेतानाचं गीत चालू असताना ऑर्गन अचानक थांबला. लोक तसेच अडखळत गात राहिले. मग ऑर्गन पुन्हा सुरू झाला, पण एक ओळ मागून, आणि सगळा गोंधळ उडाला. मिस्सा संपल्यावर मास्तर खाली आले आणि म्हणाले, "वीज गेली होती." लोक हळहळले. बिचाऱ्यावर वेळही कशी यावी! फादरांनी वीज कंपनीला चार शब्द सुनावलेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारवालीचा फोन आला. रात्रभर झोपली नसावी. "मास्तर, मला खरंच माहीत नव्हतं. मी तो भाग काढून टाकते. सगळी रचनाच बाद करते, हवं तर."

"आधी मला ती टेप ऐकव," मास्तर म्हणाले. "तुझी कलाकुसर नको. नुसती टेप."

तिची खोली एका छापखान्याच्या वर होती. खालून यंत्रांची धडधड येत होती. मास्तरांना बसायला तिनं खुर्चीवरचे डबे-खोके उचलले आणि टेप लावली. गीत सुरू झालं. कितीतरी आवाज ओळखीचे होते, त्यांतले निम्मे आता नव्हते. मग ऑर्गन थांबला.

मास्तरांनी कान टवकारले. "पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावली.

"बेंबटला नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"ऑर्गन. वीज गेली की तो बेंबटतो. तू पाच वेळा ऐकलंयस. इथं सूर साफ तुटलाय. म्हणजे बोटं उचलली."

तारवालीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिनं त्यावर खालच्या बाजूला चाललेली एक जाड, सरळ रेघ त्यांना दाखवली. "ही मोटरची घरघर आहे. मध्ये कुठंच थांबत नाही," ती हळूच म्हणाली. "बेचाळीस सेकंदं तुम्ही वाजवलं नाहीत. मला वाटायचं, जो कोणी वाजवतोय त्यानं मुद्दामच केलंय. म्हणून तर मी तो तुकडा घेतला."

"वीज गेली होती," मास्तर म्हणाले. त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की वाक्य आपोआप बाहेर पडलं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. अंधार आठवत होता, मेलेल्या पायपट्ट्या आठवत होत्या. आणि समोर रेघ सरळ चालली होती.

तिथून ते तडक मुलीच्या चष्म्याच्या दुकानात गेले. ती एका बाईंना काचा लावून अक्षरं वाचायला सांगत होती. मास्तर रांगेतल्या गिऱ्हाइकासारखे बाकावर बसून राहिले. बाई गेल्यावर त्यांनी एका दमात विचारलं, "त्या दिवशी तू कुठं होतीस? वीज गेली तेव्हा?"

मुलीनं हातातला चष्मा खाली ठेवला. "माळ्यावर. तुमच्या बाकाच्या टोकाला."

"मग?"

"दिवे चालू होते, बाबा. तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात. मी तुमची बाही ओढली, तेव्हा तुम्ही परत वाजवायला लागलात."

"आणि एकतीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"तुम्ही म्हणालात वीज गेली. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल." ती थोडं थांबली. "पुढं कळायला लागलं, तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही."

"मी रडत होतो का?"

"नाही. नुसते बसला होतात. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे."

कुणाची? मास्तरांनी आठवून पाहिलं. त्या दिवशी बायकोची पेटी दारातून बाहेर जात होती आणि त्यांना माळ्यावरून फक्त तिचं मागचं टोक दिसत होतं, एवढं आठवलं. पुढं काहीच नाही. आठवडाभर ते तेवढंच उगाळत राहिले. चहात साखर दोनदा पडली, एकदा तर ते मिस्सेत चुकीचं पान उघडून बसले.

मग त्यांनी तारवालीला चर्चच्या माळ्यावर बोलावणं धाडलं. ती तोंड पाडून आली.

"शांतता राहू दे," मास्तर म्हणाले. "मेव्हण्याचा खोकलाही राहू दे. त्यानं आयुष्यभर माझ्याशी भांडण केलं, निदान कुठंतरी कामी तरी आला. पण नंतर मी एक ओळ मागून सुरू केलंय, ते काढ. लोक काय म्हणतील? एकोणचाळीस वर्षं वाजवतोय मी."

तारवालीला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. "मास्तर, तीच तर सगळ्यात सुंदर जागा आहे!"

"चूक आहे ती!"

"हो. पण तुम्ही मागून सुरू केल्यावर लोकांनी काय केलं, ते ऐकलंत का? ते थांबले. तुम्ही त्यांना येऊन मिळेपर्यंत थांबले."

यावर त्यांचा बराच वाद झाला. शेवटी मास्तर ऑर्गनवर बसले. "मग खरं कसं आहे तेही घेऊन ठेव," म्हणाले. त्यांनी ते गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. पूर्वी थांबले होते त्या जागी या वेळी बोटं पुढं गेली. आखडलेल्या करंगळीनं दोन सूर खाल्ले, तेवढंच. नंतर त्यांनी मोटर बंद केली आणि बराच वेळ बाकावरून उठले नाहीत. तारवालीनंही घाई केली नाही.

पानगळीच्या दिवसांत ती रचना शेजारच्या शहरात पुन्हा झाली. मास्तर आणि मुलगी सकाळच्या बसनं गेले. या वेळी शाळेचं सभागृह होतं. तारवालीनं दोन्ही वाजवणी घेतली होती, एकावर एक, जुनं थांबत होतं आणि नवं खालून चालत राहत होतं. ते बरं झालं की वाईट, हे मास्तरांना ठरवता येईना. मधले काही आवाज त्यांना दात घासल्यासारखे वाटले, काही ठिकाणी ते खुर्चीत पुढं सरकून ऐकू लागले, आणि एकदा तर चक्क डुलकी लागली.

संपल्यावर शेजारचा गृहस्थ टाळ्या वाजवत त्यांच्याकडे वळला. "मला तर काही कळलं नाही हो. तुम्हाला कळलं का?"

"मलाही नाही," मास्तर म्हणाले आणि मुलीच्या हाताचा आधार घेऊन उभे राहिले. मग त्यांनी त्याला विचारलं, "पुन्हा कधी आहे म्हणे?"