लिफ्टमधल्या अकरा खुर्च्या

"अहो पिवळी घाला, पिवळी! गाडी फाटकात आली!"

मॅडमनी कचेरीच्या खिडकीतूनच हाळी दिली. लिफ्टमन गुडघे टेकून व्हीलचेअरच्या पाठीवर पिवळं कव्हर चढवत होता. खुर्चीत बसलेले पोस्टमास्तर आजोबा हलत होते, त्यामुळे कव्हर काही केल्या बसेना.

"आजोबा, जरा स्वस्थ बसा ना."

"सकाळपासून दोनदा कपडे बदललेस खुर्चीचे. माझे कालपासून तेच आहेत," आजोबा म्हणाले.

वृद्धाश्रमात अशी घाई वर्षातून चार-पाच वेळा व्हायची. व्हीलचेअरी एकूण एकोणीस. दहा हिरव्या रंगाच्या संस्थेनं दिलेल्या, नऊ पिवळ्या रंगाच्या; प्रत्येकीनं आपल्या रंगाची कव्हरंही दिली होती. दोन्ही संस्था भल्या होत्या, पण एकमेकींचं नाव काढलं की दोघींच्या कपाळाला आठी पडायची. खुर्चीची गरज असलेली माणसं तळमजल्यावर आठच होती. म्हणून पिवळे पाहुणे आले की आठही खुर्च्या पिवळ्या व्हायच्या, हिरवे आले की हिरव्या. खुर्चीच्या पाठीवरची देणगीदाराची पाटी कव्हराखाली झाकली जायची आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. ही युक्ती आश्रम चालवणाऱ्या मॅडमची, पण तिला हात लिफ्टमनचे.

तो तरी दुसरं काय करणार? लिफ्ट आठ महिने बंद होती. मोटर जळलेली आणि लोखंडी दोर झिजलेला. सत्तावीस वर्षं आश्रम त्याला लाडानं 'वरखाली' म्हणत आला होता. आता पोस्टमास्तर आजोबांनी त्याचं नाव 'नुसताच खाली' करून टाकलं होतं. घरी बायको म्हणायची, "लिफ्ट बंद आणि पगार चालू, असं किती दिवस ठेवतील तुम्हाला?" तो हसून वेळ मारून न्यायचा.

पगाराची धास्ती होतीच. पण त्याला खरी टोचणी होती ती तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. बाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आता वय एक्क्याण्णव, आणि खुब्याचं हाड मोडून सांधलेलं. लिफ्ट चालू होती तेव्हा त्या रोज सकाळी खाली येऊन बागेत अनवाणी बसायच्या. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी त्यानं त्यांना शब्द दिला होता, "दोन महिन्यांत तुम्हाला खाली नेतो." चार माणसांनी उचलून न्यायचं ठरलं, तर बाईंनी साफ नकार दिला. "मी काय कपाट आहे? येईन तर माणसासारखी येईन." दोनाचे आठ महिने झाले. बाई काही बोलत नव्हत्या, पण हल्ली त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं, आणि ताट परत न्यायला तोच जायचा.

पिवळ्या संस्थेचे साहेब गाडीतून उतरले. प्रसन्न चेहऱ्यानं त्यांनी आठही पिवळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. एवढ्यात फाटकातून दुसरी गाडी आत आली. तीनला येणाऱ्या हिरव्या संस्थेच्या ताई अकरालाच हजर झाल्या, कारण त्यांच्या फोटोग्राफरला दुपारी एका लग्नाचे फोटो काढायला जायचं होतं.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्टमन हातात हिरवी कव्हरं घेऊन खांबामागे उभा राहिला.

ताईंची नजर तीक्ष्ण होती. पोस्टमास्तर आजोबांच्या मागे जाऊन त्यांनी कव्हराचं टोक उचललं. "ही तर आमची खुर्ची!"

"कव्हर आमचं आहे," साहेब म्हणाले.

"कव्हर तुमचं असेल, खुर्ची आमची आहे!"

"आणि बसलेला मी कुणाचा?" आजोबांनी विचारलं.

 ताईंनी भराभर आठही पाट्या पाहिल्या. "पाच आमच्या, तीन यांच्या. आमच्या बाकीच्या पाच कुठे गेल्या?"

"आणि आमच्या सहा?" साहेबांचाही आवाज चढला.

मॅडमनी लिफ्टमनकडे पाहिलं. 'काही तरी सांगा' असं त्यांचे डोळे विनवत होते.  खरं बोलावं तर नोकरी जाणार, आणि खोटं तर सुचतच नव्हतं. तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाकडून, कठड्याला धरून उभ्या राहिलेल्या बाईंचा वर्गातला आवाज आला.

"दाखव रे त्यांना. उत्तर चुकलं तरी पायऱ्या लपवायच्या नसतात."

त्यानं निमूटपणे लिफ्टचा जाळीचा दरवाजा ओढला. आत खालपासून छतापर्यंत अकरा व्हीलचेअरी घड्या घालून रचलेल्या होत्या. त्यांच्यावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. सगळ्यात वरची घसरली आणि साहेबांच्या पायाशी येऊन उघडली, जणू बसा म्हणत होती.

"वरची माणसं खोलीतल्या खोलीत काठीनं चालतात," लिफ्टमन चाचरत म्हणाला. "खुर्ची लागते ती खाली आल्यावर. आणि खाली यायला लिफ्ट नाही. मग ठेवायच्या कुठं? म्हटलं, लिफ्ट रिकामीच आहे."

 मग साहेब त्या उघडलेल्या खुर्चीतच बसले.

"दुरुस्तीला देणगीदार मिळत नाहीत हो," ते म्हणाले. "खुर्ची दिली की तिच्यावर बसलेल्या आजींचा फोटो निघतो. दोराचा फोटो काढून कुणाला दाखवू?"

"आमचंही तेच," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं. "यांनी नऊ दिल्या म्हणून आम्ही दहा दिल्या. नाहीतर आमचे देणगीदार यांच्याकडे गेले असते."

"पुढच्या वर्षी आम्ही अकरा देणार होतो," साहेबांनी कबूल केलं.

"तुम्ही खुर्च्या मोजता," बाई वरून म्हणाल्या. "मी जिन्याच्या पायऱ्या मोजते. बासष्ट."

दोघांनी माना खाली घातल्या. पण लाज वाटली म्हणून लिफ्ट चालू होत नसते, हे लिफ्टमनला ठाऊक होतं. आता हे दोघे हळहळतील, चहा घेतील आणि निघून जातील. त्यानं वर पाहिलं. बाई अजून कठड्याला धरून उभ्याच होत्या. आणि मघाशी न सुचलेलं खोटं त्याला आत्ता सुचलं.

"राहू द्या, साहेब. लिफ्टचं ते तिसरे लोक बघतायत म्हणे."

"कोण तिसरे?" दोघांनी एकदमच विचारलं.

"नाव नाही सांगितलं. फोन आला होता. म्हणाले, खुर्चीवर आपलं नाव घातलं तर एकच माणूस बसतो. लिफ्टमध्ये घातलं, तर रोज तीस-चाळीस माणसं आपल्या नावातून ये-जा करतात."

मॅडम खोकल्या. पोस्टमास्तर आजोबा छताकडे पाहू लागले.

ताई सावध झाल्या. "मोटर आम्ही देऊ," त्या म्हणाल्या.

"मग दोर आमचा! आणि दारं पण आमची."

"आतला दिवा आणि पंखा आमचा."

"पाच वर्षांची देखभाल आम्ही करू," साहेब उभे राहून म्हणाले, आणि फोटोग्राफरनं लग्नाला उशीर होत असतानाही तो फोटो काढला.

काम सहा आठवडे चाललं. समोरासमोरच्या भिंतींवर एक हिरवी आणि एक पिवळी पाटी लागली. दोन्ही एकाच उंचीवर. ती उंची ताई आणि साहेब दोघांनी स्वतः टेप धरून मोजली होती.

पहिल्या सकाळी लिफ्टमन इस्त्रीचा गणवेश घालून आपल्या स्टुलावर बसला आणि एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेला. बाई ठेवणीतले कपडे घालून दारात तयार होत्या. त्यांनी काठी टेकत एकेक पाऊल टाकलं आणि कुणाचा हात न धरता आत आल्या.

"कुठला मजला?" त्यानं रोजच्यासारखं विचारलं. आवाज मात्र रोजचा निघाला नाही.

"तळमजला," बाई म्हणाल्या. मजले सरकू लागले. "ती तिसरी संस्था कोणती रे?"

"कुठली, बाई?"

"बरं," बाई म्हणाल्या आणि खाली पोचेपर्यंत हसत राहिल्या.

बागेत त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय गवतात ठेवले. मग डोळे मिटले.  लिफ्टमननं खाली वाकून त्यांच्या चपला नीट जोडून ठेवल्या.

"वर कधी नेऊ?"

"इतक्यात नको."

आत लिफ्टची घंटी वाजली. दोन ठोके, म्हणजे दुसरा मजला. मग एकच, पहिला. मग पुन्हा दुसरा, आणि या वेळी कुणी तरी बटणावरचं बोट काढायलाच तयार नव्हतं.

"जा," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "लोक खोळंबलेत तुझ्यासाठी."

"वरखाली! अरे ए वरखाली!" जिन्यातून हाका येऊ लागल्या. तो धावत जाऊन स्टुलावर बसला आणि त्यानं दरवाजा ओढून घेतला.