गुणाजीरावांच्या मानेवरचा डाग

बोरीवलीच्या गुणाजीरावांच्या मानेवर रुपयाएवढा लाल डाग उठला आणि निवृत्तीनंतर त्यांना एकदम भाव आला.

नॅशनल पार्कात बरोबर फिरणाऱ्या अल्पेशभाईंनी तो आधी पाहिला. "काय रे, वहिनी की दुसरी कोण?"

"माहीत नाही, आग होतेय," एवढंच सांगायचं होतं. पण गुणाजीराव नुसते हसले आणि शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवू लागले. आयुष्यात ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याला असं हसणं कुठून जमलं, देव जाणे!

डाग काळवंडे, पुसट होई आणि रविवारच्या मोठ्या फेरीनंतर पुन्हा तिथेच लालबुंद उठे. त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे राहायचं म्हणून गुणाजीराव निघताना गुडघ्यासाठी एक गोळी गुपचूप गिळत. डागाचं आणि गोळीचं नातं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दर रविवारी म्हटल्यावर मंडळींचा आदर मात्र वाढत गेला.

घरी बायको, नलिनीबाई, डागाकडे टक लावून बघत. जळतेय बिचारी, असं गुणाजीरावांना वाटे. वाईट वाटे, पण गुदगुल्याही होत.

शेवटी नलिनीबाईंनीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. हिला पुरावा हवाय, ते मनात म्हणाले.

"कुठल्या गोळ्या वगैरे घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!"

"दुखण्यावरचीसुद्धा नाही?"

गुडघ्याचं गुपित बाहेर पडलं.

"मग तिचीच रिअ‍ॅक्शन. घेतली की डाग त्याच जागी उठणार. बंद करा, नाहीतर अंगभर पसरेल."

गुणाजीरावांनी मोठ्या मनाने बायकोचा हात धरला. "ऐकलंस ना? उगाच संशय घेतलास गं."

"कसलो संशय?"

"म्हणजे... दुसरी कोणी बाई..."

नलिनीबाई अशा हसत सुटल्या की डोळ्यांना पाणी आलं. "तुमका? बाई? अवो, माका वाटला नायटो झालो! नातवांका लागात म्हणान घेवन इलंय!"

डॉक्टर खाली मान घालून मलम लिहू लागले.

गुणाजीरावांना हे फार लागलं. गोळी सुटली, डाग गेला, गुडघा ठणकू लागला आणि रविवारी ते सगळ्यांच्या मागे पडले.

"काय रे, मोडलं वाटतं?" अल्पेशभाई जवळ येऊन हळूच म्हणाले.

"तिच्या नवऱ्याला कळलं," गुणाजीराव म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं.