मशीनला सांगितलेलं नाव

मुलगी झाली तर तिचं नाव खेमा ठेवायचं, हे मी आणि यांनी जानेवारीतच ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. नाव पहिल्यांदा आत्याच्याच तोंडून निघायला हवं, अशी आमच्या सासरची रीत. मी मात्र ते त्याआधीच एका मशीनला सांगून बसले होते.

बोरगावला सलाइनच्या बाटल्या भरायचा आमचा कारखाना. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत तिथे कॉम्प्युटर आला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि शेजारी एक डबा. तो डबा टेलिफोनच्या तारेतून नागपूरच्या हेड ऑफिसमधल्या मोठ्या मशीनशी बोलायचा. दवाखान्यांच्या मागण्या नागपूरला नोंदल्या जायच्या आणि सकाळी आमच्या पडद्यावर यादी यायची, कुठल्या ट्रकमध्ये किती पेट्या आणि कुठल्या गावाला. त्या यादीवरून गेटपास निघायचा. यादीपर्यंत पोचायला एक परवलीचा शब्द लागायचा. तो मी ठरवायचा, नागपूरच्या इंजिनिअरला कळवायचा, आणि माझ्या जागेवर कोणी बसलं तरच त्याला सांगायचा.

बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आठवड्यात जुना शब्द बदलायचा होता. आठवा संपत आला होता, खुर्चीत नीट बसवत नव्हतं. नवा शब्द काय ठेवू म्हणून विचार करत होते, तेवढ्यात पोटात तिनं पाय मारला. मी हसले आणि तेच टाइप केलं. मला वाटलं, जगात दोघांनाच माहीत असलेलं नाव, याहून सुरक्षित काय असणार?

माझ्या जागी जयवंता बसणार होती. लोधीखेड्याची ही मुलगी, टायपिंगच्या क्लासला माझ्यामागून दोन वर्षांनी आलेली. साहेबांना तिचं नाव मीच सुचवलं होतं. शब्द सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे काय वं ताई?"

"काही नाही. एक शब्द आहे."

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, ओठ दाबून हसली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

खेमा फेब्रुवारीत झाली, पांढुर्ण्याला, माझ्या माहेरी. नामकरण मार्चच्या शेवटच्या रविवारी सौंसरला, सासरी. त्रिशरण-पंचशील झालं, माझ्या नणंदेनं, सुशीलाताईंनी, पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना मोठ्यानं. कारखान्याची जीप आली होती. मांडवगणे साहेब आले होते, आवक-जावकचे तुळशीरामजी आले होते, आणि मशीन दुरुस्तीसाठी नागपूरहून आलेली दोन-तीन माणसं, त्यांनाही साहेब सोबत घेऊन आले होते. जयवंता नव्हती. एक मोठा ट्रक निघायचा होता, म्हणून तिला रविवार असूनही मशीनवर बसवलं होतं.

जेवणं चालू असताना सुशीलाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाहा ना, मलेबी आज सकाळीच सांगतलं हिनं नाव! आत्यावर भरवसा नाई काय वं तुया?"

"ताई, तुम्हाला निदान सकाळी सांगितलं. आमच्या मशीनला तर ही पोटात होती तेव्हापासून माहीत आहे."

नागपूरच्या माणसांपैकी एकानं पुरी हातात तशीच धरून विचारलं, "मशीनला? ते कसं काय, मॅडम?"

"रोज सकाळी हिचं नाव घेतल्याशिवाय उघडतच नाही ती."

सगळे हसले. साहेबही हसले. खूप दिवसांनी मी नवी साडी नेसले होते, मांडीवर माझी लेक होती, आणि आपण बोललो की माणसं हसतात, याचं मला फार सुख झालं होतं. तेवढंच झालं. त्या माणसाचा चेहरासुद्धा आज मला नीट आठवत नाही. त्यानंच केलं असंही मी म्हणू शकत नाही. ऐकणारे चाळीस जण होते, आणि त्यांनी घरी जाऊन आणखी कोणाकोणाला ती गंमत सांगितली असेल. चाळीस जणांना सांगणारी मात्र मी एकटी होते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दुपारी कारखाना बंद होता. तेव्हा कोणीतरी भलत्याच टेलिफोनवरून नागपूरच्या मशीनमध्ये शिरलं. आमच्या कारखान्याचंच नाव दिलं, आमचाच शब्द दिला, आणि यादीतली गावं एकमेकांत फिरवून ठेवली. सोमवारी जयवंतानं पडद्यावर जे दिसलं त्याचेच गेटपास काढले. बालाघाटकडच्या पेट्या बुलढाण्याला गेल्या, बुलढाण्याच्या आणखी तिसरीकडे. एका तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन नव्हतं. उलट्या-जुलाबाचे दिवस. कोणी दगावलं नाही, असं सगळे सांगतात. मी प्रत्येकाला दोनदा विचारलं आहे.

ही बातमी यांनी पांढुर्ण्याला आणली. नामकरणानंतर मी रजा वाढवून पुन्हा माहेरी आले होते. हे सौंसरच्या शाळेत मास्तर आहेत, दर शनिवारी येतात. आल्याआल्या खेमाला उचललं आणि म्हणाले, "कारखान्यात लफडं झालं. जयवंताले काढलं."

"कशासाठी?"

"शब्द बाहेर गेला म्हणते. करणारा तं सापडून नाई राहिला. मग इंजिनिअर सोडून कोणाले माहीत होतं, तं दोघीले. एक रजेवर, एक खुर्चीवर. जे खुर्चीवर होती, तिले काढलं."

मी यांना त्या जेवणाची आठवण करून दिली. यांनी खेमाला झोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "तुयावर कोणी बोट दाखवलं काय?"

"नाही."

"तुयी पक्की नोकरीची ऑर्डर जूनमधी येऊन राहिली. तोवर थांब. मंग पाहू."

ते वाईट माणूस नाहीत. रोज सकाळी पंचशील म्हणतात आणि मलाही म्हणायला लावतात. त्या दिवसापासून चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, आमचा दोघांचाही आवाज खाली जायला लागला. मी स्वतःला सांगायची की मी खोटं बोललेच नाही, मला कोणी विचारलेलंच नाही. पण खेमाला नावानं हाक मारायला गेले की जीभ अडायची. मी तिला सोनू म्हणू लागले, चिमणी म्हणू लागले. आई लंगोट वाळत घालताना म्हणाली, "नाव ठेवलं कायले मग, घेणंच नसन तं?"

नवव्या दिवशी जयवंता स्वतःच आली. लोधीखेड्याहून पांढुर्ण्यापर्यंत, दोन बसा बदलून, भर उन्हात. सोबत बाळासाठी तिनं विणलेलं पिवळं टोपडं होतं. माठातलं पाणी तिनं उभ्याउभ्याच प्यायलं.

"ताई, मी शब्द कोणालेच नाई सांगतला. बाबाची शपथ."

"मला माहीत आहे गं."

"तुमी साहेबाले सांगसान? तुमचं ऐकते ते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी तं पोरीचं नावबी कोणासमोर नाई घेत. नामकरणात तेच नाव ठेवलं हे समजलं तवाच मले धडकी भरली. घरी विचारते, काय नाव ठेवलं? मी म्हणते, मालूम नाई बापा, मोठ्या लोकायचं मोठं नाव. माय म्हणे, येवढी मैतरीण अन् पोरीचं नाव नाई मालूम तुले?"

ती हे सांगताना हसत होती. मी खेमाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्या क्षणी सांगता आलं असतं. घरात आई नव्हती, शेजारी कोणी नव्हतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "सांगीन मी साहेबांना."

"कधी?"

"सांगीन."

तिनं खेमाच्या डोक्यावर टोपडं बसवून पाहिलं. मोठं होत होतं. "होईन मोठी," म्हणाली, आणि दुपारच्या बसनं परत गेली. तिला मी जेवसुद्धा म्हटलं नाही, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

मग मी लिहायला घेतलं. खेमा दुपारी साडीच्या झोक्यात झोपली की अर्धा तास मिळायचा, कधी पाव. एका पायानं झोक्याची दोरी हलवत ठेवायची आणि मांडीवर वही. पहिल्या दिवशी लिहिलं की शब्द चुकून बाहेर गेला असावा. दुसऱ्या दिवशी ते खोडून लिहिलं की माझ्याकडून गेला असण्याची शक्यता आहे. तिसऱ्या दिवशी सुरुवातीला माझ्या चार वर्षांच्या चांगल्या कामाबद्दल परिच्छेद घातला. खेमा उठायची, रडायची, मी वही मिटायची, आणि मनाच्या कोपऱ्यात बरं वाटायचं की आज पुरं झालं नाही. असे आणखी दहा दिवस गेले. शेवटी एका दुपारी झोका हलवता हलवता सगळं काढून टाकलं तेव्हा चार ओळी उरल्या. त्याच चांगल्या अक्षरात उतरवल्या, आणि यांची वाट न बघता दुसऱ्या दिवशी खेमाला घेऊन सौंसरची बस धरली. सौंसरला सासरी न उतरता तशीच पुढे बोरगावला.

मांडवगणे साहेबांनी कागद वाचला आणि पालथा ठेवला.

"बाळ बरं आहे?"

"बरं आहे, साहेब."

"मग हे कशाला करता? प्रकरण मिटलंय. नागपूरला रिपोर्ट गेला."

"रिपोर्टात जयवंताचं नाव गेलं."

"ती टेम्पररी होती, सुमनबाई. आज ना उद्या जाणारच होती." साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "तुमचा कागद घेतला तर चौकशी पुन्हा उघडेल. शब्द दर महिन्याला बदला, असं नागपूरचं पत्र जानेवारीतच आलेलं आहे. ते कुठे आहे माहीत आहे? माझ्या या ड्रॉवरमध्ये. दर महिन्याला कोण बदलत बसेल, म्हणून ठेवून दिलं. आणि तुमच्या घरी तुम्ही ते बोललात तेव्हा मी समोरच जेवत होतो. हसलो होतो मी. आता बोला, चूक कोणाची? तुमची, माझी, त्या नागपूरच्या मशीनवाल्यांची, की जो हरामखोर आत शिरला त्याची?"

"सगळ्यांचीच असेल, साहेब. जयवंताची तेवढी नाही."

"तुमची ऑर्डर थांबेल."

"हो."

हे ‘हो’ मी फार शूरपणे म्हटलं असं नाही. खेमाला भूक लागली होती, ती पदर ओढत होती, आणि मला तिथून लवकर निघायचं होतं. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी हा पाहिलेला नाही."

बाहेर तुळशीरामजी आवक-जावकच्या टेबलावर होते. मी कागद आणि त्याची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, साहेबांच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एकदा नंबर पडला का मले बी मिटवता येत नाई, पोरी. पाह्य."

"टाका."

त्यांनी दोन्ही कागदांवर शिक्का मारला. "मी बी खाल्ली होती त्या दिवशी पुरी," एवढंच म्हणाले आणि मला पाळणाघराच्या रिकाम्या खोलीत बसायला जागा करून दिली. खेमा पोटभर प्यायली.

कागदाला नंबर पडला म्हणजे जयवंता परत खुर्चीवर बसली असं नाही. साहेब चौकशी कधी उघडतील, उघडतील की नाही, मला माहीत नव्हतं. तिला काढलं मात्र सगळ्यांच्या देखत होतं. म्हणून शिक्का मारलेली नक्कल घेऊन मी लोधीखेड्याला गेले.

मे महिना. त्यांच्या गल्लीत खाटांवर कुरडया वाळत होत्या. जयवंता दारात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. तिचे वडील, हिरामणबाबा, आतल्या अंगाला निजले होते. समोरच्या ओट्यावर दोन बाया डाळ निवडत होत्या. मला पाहून त्यातली एक, शकुबाई, दुसरीला म्हणाली, "आली पाहाय मशीनवाली. एक मशीनचा शब्द विकून बसली, आता दुसरी काय विकाले आली?"

जयवंतानं ऐकलं नाही असं दाखवलं. मला खाट दिली, पाणी आणलं. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा "बरी आहेस ना" वर गाडी अडली असती.

"जयवंता, तो शब्द माझ्या तोंडून गेला. नामकरणाच्या दिवशी. तू पांढुर्ण्याला आलीस तेव्हा मला माहीत होतं."

तिनं हातातली काठी खाली ठेवली.

"तवा माहीत होतं?"

"हो."

"मी पाणी पेत होती, तवा?"

"हो."

"अन् तुमी मले म्हटलं, सांगीन." तिचा आवाज चढला नाही, पातळ झाला. "पंचवीस दिवस झाले, ताई, मले काढून. बाबा बाहेर निघणं बंद झाले. मी तं तुमच्या पोरीचं नाव गिळून बसली होती."

मी नक्कल पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"मले कायले देता? मले काय माहीत नाई काय, मी काय केलं अन् काय नाई?" तिनं समोरच्या ओट्याकडे मान केली. "वाचा."

मी वाचलं. "कारखान्याच्या यादीचा परवलीचा शब्द माझी मुलगी खेमा हिचं नाव हा होता. तो मी स्वतः, माझ्या घरी, चाळीस माणसांसमोर बोलून दाखवला. जयवंता हिरामण गजभिये हिनं तो कोणालाही सांगितलेला नाही. जो काही दोष आमच्या दोघींपैकी एकीचा असेल, तो माझा आहे." शेवटची ओळ माझी मलाच धड ऐकू आली नाही. आत खाट करकरली, हिरामणबाबा उठून उंबऱ्यापाशी आले होते.

जयवंतानं माझ्या खांद्यावरून खेमाला काढून घेतलं, छातीशी धरलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जोरानं वाचा, ताई. शकुबाईले ऐकू नाई आलं."

समोर डाळीचं सूप थांबलं होतं. मी गल्लीकडे तोंड केलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.