दादाजींचा सातवा महिना

खुशालनं हैदराबादची कंप्यूटरची नोकरी सोडली आणि १९९६ साली तो आदिलाबादला परतला. डोक्यात एकच खूळ: दवाखान्याचा प्रोग्राम कुलूपबंद नसावा. कुणीही तो उघडून वाचावा, चुकलं तर सुधारावा, शेजारच्या दवाखान्याला द्यावा. आणि तोही फुकट.

फुकट म्हटलं की लोक दचकत. प्रोग्राम भरलेल्या फ्लॉप्यांची पिशवी घेऊन तो दोन वर्षं बसनं हिंडला. एका कंपाउंडरनं तर फ्लॉपी नाकाला लावून पाहिली. "फुकट देऊन राह्यले म्हनजे खराब झालेली असन."

शेवटी तामसीकडच्या एका खेड्यातल्या डॉक्टर सरोजिनींनी होकार दिला. तिथल्या नर्स बयनाबाई दहावी शिकलेल्या. खुशालनं सहा महिने बसून त्यांना रोग्यांची नोंद करायला आणि प्रोग्रामच्या ओळी वाचायलाही शिकवलं.

प्रोग्राम नीट चालला म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब तो बघायला आले. खुशाल नवा शर्ट घालून उभा. एवढ्यात दारात रेणुकाबाई आल्या, मागे त्यांचे सत्तरीचे नवरे दादाजी, कमरेवर हात ठेवून, सावकाश पावलं टाकत.

"कोन हाय तो कंप्यूटरवाला? माह्या बुढ्याले सातवा महिना लावनारा?"

त्यांनी दवाखान्यातल्या कंप्यूटरनं छापून घरी धाडलेली चिठ्ठी टेबलावर आपटली. 'सातवा महिना आहे. जड उचलू नये. धनुर्वाताची सुई घ्यावी.'

"महिना झाला, खाटल्यावरून उतरत नाई! वावरात चला म्हनलं तं चिठ्ठी दाखवते. सुना कैऱ्या देऊन राह्यल्या, लाडू देऊन राह्यल्या!"

"सरकारी कागद हाय," दादाजी शांतपणे म्हणाले. "मी काय करू?"

साहेब डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "फुकटचं हे असंच असतं."

खुशालचे कान तापले. वाटलं, वीज गेल्यानं घोटाळा झाला असं सांगून सुटावं. पण तो खुर्चीवर बसला. "चूक माझीच असणार साहेब. इथंच असेल, शोधू." त्यानं सगळ्यांसमोर प्रोग्राम उघडला.

दादाजींची नोंद होती: पोट वाढलं, सात महिने झाले. बाई की पुरुष हा रकाना रिकामा.

बयनाबाई पडद्याला नाक लावून ओळी वाचू लागल्या. "रकाना रिकामा असन तं बाई समजावं. बाईचं पोट वाढलं तं दिवस गेले समजावं. हे कोनं लिहलं?"

"मी."

"रकाना माह्या हातून सुटला, खरं हाय. पन मंग कंप्यूटरनं इचारावं ना! बाईच काऊन समजते? सरका."

खुशाल सरकला. बयनाबाईंनी एका बोटानं पाव तास टकटक करून दोन ओळी बदलल्या. आता रकाना सोडला की यंत्र पीं करून अडून बसे. साहेबांनी स्वतः चारदा रकाना सोडून पाहिला. चारदा पीं. त्यांना फार मजा वाटली.

"आपल्या ऑफिसातला प्रोग्राम असा उघडतो का हो?" त्यांनी सोबतच्या कारकुनाला विचारलं.

"नाही साहेब. त्याला कंपनीचा माणूस लागतो. चार महिने झाले, येऊनच राह्यला."

साहेबांनी खुशालकडे एक फ्लॉपी मागितली.

डॉक्टर सरोजिनींनी दादाजींचं पोट दाबून पाहिलं. "गॅस आहे. कैऱ्या बंद, काम सुरू."

"डॉक्टरबाई," दादाजी हळूच म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून लागू केलं तं नाई जमनार?"

रेणुकाबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि थेट वावरात नेलं.

महिन्याभरात आणखी पाच दवाखान्यांनी प्रोग्राम मागवला. पण मागणी करताना सगळे एकच अट घालत: शिकवायला त्या नर्सबाई पाहिजेत. मग बयनाबाई बसच्या पुढच्या सीटवर बसून दवाखाने हिंडू लागल्या, आणि खुशाल पिशवी सांभाळत मागं उभा राहू लागला. तक्रार म्हणून त्यानं कधी केली नाही.